जरा इथे बोट ठेव

कागदकाम करणाऱ्या माणसांचे तीन प्रकार असतात. कापणारे, चिकटवणारे आणि धरणारे. पहिल्या दोघांचं कौतुक होतं. घरी आलेली पाहुणी भिंतीवरची कागदी फुलं बघून 'हात किती छान आहे हो हिचा' म्हणते, तेव्हा तो हात कात्री धरणारा असतो, नाहीतर ब्रश. डिंक वाळेपर्यंत पाकळीनं देठाची साथ सोडू नये म्हणून ज्यानं तिच्यावर बोट टेकवून ठेवलेलं असतं, त्याच्या हाताबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

मी या तिसऱ्या प्रकारातला. कात्री माझ्या हातात कधी कुणी दिली नाही आणि मीही कधी मागितली नाही. आमच्याकडे ताई कापणारी, आजी चिकटवणारी, वडील सूचना देणारे. हा खरं तर चौथा प्रकार, पण तो सगळ्याच कामांत असल्यामुळे कागदकामात वेगळा मोजत नाहीत. उरलं ते धरणं. 'अरे, जरा इथे बोट ठेव' अशी हाक आली की हातातलं काम टाकून जायचं, दाखवलेल्या जागी बोट ठेवायचं आणि 'सोड' म्हणेपर्यंत सोडायचं नाही. यात शिकण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. पहिलं म्हणजे दाबायचं नाही. दाबलं की डिंक कडेनं बाहेर येतो आणि बोट कागदाला चिकटतं, मग सोडताना पाकळीही बोटाबरोबर निघून येते. पण हलकं ठेवलं तर कड उचलली जाते. 'दाबू नकोस, नुसतं धर' या दोन सूचनांच्या मधली जी जागा आहे, ती सापडायला काही वर्षं जातात. आणि बोट एकदा ठेवलं की नाकाला खाज सुटते. ही खाज आधी कधी सुटत नाही.

ताईचं कापणं बघण्यासारखं होतं आणि मी ते फार जवळून बघितलंय, कारण कागदाचं दुसरं टोक बहुतेक वेळा माझ्याच हातात असायचं. गोल कापायचा तर नवशिके कात्री फिरवतात आणि बटाटा कापून ठेवतात. ताईची कात्री जागची हलत नसे. पाती पूर्ण मिटवायची नाहीत, अर्धी उघडी ठेवायची आणि डाव्या हातानं कागद सावकाश फिरवत राहायचं. कात्री एका जागी, कागद तिच्याभोवती. कागदाची गोल चकती खाली पडायची तेव्हा कडेला एक कोपरा म्हणून दिसायचा नाही.

कात्र्या घरात दोन होत्या. एक कागदाची, जिचा स्क्रू ढिला होता, आणि एक आईची, कापडाची, शिवणयंत्राच्या खणात ठेवलेली. आईची कात्री कागदाला लावली तर घरात महाभारत व्हायचं. आम्हाला हा सोवळ्याओवळ्याचाच एक प्रकार वाटायचा. पुढे कळलं की कागद गुळगुळीत आणि पांढरा व्हावा म्हणून त्याच्या लगद्यात चिनी मातीसारखी खनिजं मिसळतात, आणि त्या बारीक कणांवर घासून कात्रीची धार जाते. आईला हे काही माहीत नव्हतं. खण कापताना कात्री कापड चावायला लागली की तिला कळायचं, एवढंच. मग ती कुणालाही काही न विचारता ताईकडे बघायची.

कागदाला दिशा असते, ही गोष्टही मला धरताधरताच कळली. वर्तमानपत्र वरून खाली फाडून बघा, बऱ्यापैकी सरळ फाटतं. आता आडवं फाडा. ते कुठल्या कुठे जातं. यंत्रावर कागद तयार होताना त्यातले तंतू बहुतांशी एकाच दिशेनं लोळतात, त्याचा हा परिणाम. शुभेच्छापत्र करायचं तर घडी त्या तंतूंच्या दिशेनं घालावी, मग ती सुरीसारखी बसते. आडवी घातली तर घडीवर कागदाच्या सालपट्या निघतात. जाड कार्डशीट असेल तर आधी पट्टी ठेवून, शाई संपलेल्या बॉलपेननं एक रेघ दाबून ओढायची आणि मग दुमडायचं. आमच्या घरी शाई संपलेलं पेन फेकून देणं हा गुन्हा होता तो यासाठी. हातकागदाचं मात्र असं नसतं. चाळणीवर लगदा घेऊन ती चारी बाजूंना हलवतात, त्यामुळे तंतू कसेही पडतात, आणि हा कागद उभा-आडवा कसाही तितकाच हट्टी असतो. आपल्याकडे दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात शेकडो वर्षं हे काम चाललं. पुण्यात 1940 साली गांधीजींच्या प्रेरणेनं हातकागद संस्था निघाली. तिथल्या कागदात वाळलेल्या पाकळ्या दिसतात, तो कागद ताई कधीच कापत नसे. नुसता हात फिरवून परत कपाटात ठेवायची. हाही कागदकामातला एक मोठा विभाग आहे. याला 'पुढे कधीतरी उपयोगी पडेल' म्हणतात.

त्या विभागात आमच्याकडे लग्नपत्रिका होत्या, त्यांचे सोनेरी गणपती कापून घेतलेले. साडीच्या घडीतले पुठ्ठे होते. मिठाईच्या खोक्यांचे चंदेरी कागद नखानं घासून सपाट केलेले होते. जुन्या कॅलेंडरांची पानं होती, कारण त्यांची मागची बाजू कोरी असते आणि कोरी बाजू टाकून देणं आमच्या रक्तात नाही. आता दुकानात 'स्क्रॅपबुक किट' म्हणून एक चकचकीत पाकीट मिळतं. त्यात काय असतं? कापलेली फुलं, जुनाट दिसावीत म्हणून कडेनं तपकिरी छापलेली तिकिटं, रिबिनीचे तुकडे आणि चार पुठ्ठे. म्हणजे आमची गादीखालची मालमत्ता. फरक इतकाच की ही नवी कोरी रद्दी आहे, आणि रद्दीवाला ज्या भावानं ती उचलील तो भाव पाकिटावर छापलेला नाही.

चिकटवही मात्र दर घरात एक असायचीच. कुणाची क्रिकेटपटूंची, कुणाची पक्ष्यांची, कुणाची थोर माणसांची. माझ्या मामेभावाची गावसकरांची होती. तिच्यात वर्तमानपत्रातला एक फोटो चिकटवण्याआधी घरात मोठं राजकारण व्हायचं, कारण फोटोच्या मागे नेमका आजोबांनी न वाचलेला अग्रलेख असायचा. छापणारी मंडळी हे मुद्दाम करतात, असं त्याचं ठाम मत होतं. तडजोड म्हणून आजोबा अग्रलेख आधी मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि कात्री हातात घेतलेल्या मामेभावाशेजारी बसून मी तो ऐकायचो. सोव्हिएत संघाचं परराष्ट्र धोरण मला जे काही समजलं ते असं. ती वही आजही आहे. फोटो पिवळे पडलेत, कारण वर्तमानपत्राच्या स्वस्त कागदात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं आणि उजेड-हवा लागली की ते रंग बदलतं. पण जे फोटो आजीच्या खळीनं लावले ते जागेवर आहेत. जे त्यानं पुढे ऐटीत सेलोटेपनं लावले त्यांचा टेप वाळून गळून पडलाय, आणि प्रत्येक चौकार मारणाऱ्या माणसाच्या चार कोपऱ्यांवर चार चॉकलेटी डाग आहेत.

खळ हा आजीचा प्रांत. मैदा आधी गार पाण्यात कालवायचा, गुठळी राहता कामा नये. मग मंद आचेवर सारखं ढवळत राहायचं. आधी पांढरं दूध, मग एकाएकी घट्ट व्हायला लागतं, मग त्याचा पांढरेपणा जाऊन ते काचेसारखं अर्धपारदर्शक होतं. त्या क्षणी खाली उतरवायचं. झुरळं आणि कसर लागू नये म्हणून पुस्तकबांधणीवाले त्यात चिमूटभर मोरचूद घालतात. आजीकडे ती पुडी फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, आम्हा मुलांच्या हाताला लागणार नाही अशी असे, आणि ज्या दिवशी मोरचूद पडे त्या दिवशीचं पातेलं पुन्हा स्वयंपाकघरात येत नसे. एरवी घाई असली तर भाताची चार शितं बोटांत चुरडून काम भागायचं. फेविकॉल 1959 पासून बाजारात आहे, पण आमच्या आजीच्या लेखी तो सुतारांचा माल होता. कागदाला तो लावणं तिला अतिरेक वाटायचं. तिच्या या मतावर आम्ही हसायचो. जुनी हस्तलिखितं दुरुस्त करणारी तज्ज्ञ मंडळी आजही गव्हाच्या स्टार्चची खळच वापरतात, कारण ती पुढेमागे पाण्यानं सोडवता येते, हे समजलं तेव्हा तिला सांगायला ती नव्हती. असती तर म्हणाली असती, 'मग मी काय म्हणत होते?'

खळीचा एकच दोष. ती वाळायला वेळ घेते. आणि तिथे माझी नेमणूक होते.

धरणाऱ्याची खरी परीक्षा आकाशकंदिलात. चांदणीचा कंदील कसा करतात ते बाजारातला कंदील आणणाऱ्यांना ठाऊक नसणार, म्हणून सांगतो. सारख्या लांबीच्या बांबूच्या दहा कामट्या तासून घ्यायच्या. पाचांची एक चांदणी, हात न उचलता काढतो तशी, टोकाला टोक दोऱ्यानं बांधलेली. अशा दोन चांदण्या एकमेकींवर ठेवून त्यांची पाची टोकं एकत्र बांधायची. इथपर्यंत सगळं सपाट असतं. मग आत जिथे कामट्या एकमेकींना ओलांडतात, त्या पाच जागी दोन चांदण्यांच्या मध्ये बोटभर लांबीचा एकेक तुकडा आडवा घालायचा. हे पाच तुकडे बसवताना सांगाडा फुगतो, कुरकुरतो, आणि चौथा तुकडा घालेपर्यंत पहिला उडून कपाटाखाली जातो. या वेळी घरातल्या सगळ्यांनी एकेका सांध्यावर बोट ठेवून बसायचं असतं. वडील मध्यभागी, तोंडात दोरा. त्यामुळे त्यांच्या सूचना अस्पष्ट यायच्या, पण थांबायच्या नाहीत. 'हं हं! हं-हं-हं!' याचा अर्थ 'सोडू नका, मी येतोय' असा.

सांगाडा उभा राहिला की पतंगी कागद. कामटीला खळ लावायची, कागद वरून ताणून टेकवायचा, कड आत दुमडायची आणि पुन्हा धरून बसायचं. एका फटीतून दिवा आत जायला जागा सोडायची. ती सोडायला दर वर्षी कुणीतरी विसरे आणि मग तयार कंदिलाचं पोट फाडायची शस्त्रक्रिया होई. शेवटी झिरमिळ्या. पतंगी कागदाची लांब पट्टी तीन-चारदा घडी करून खालून कंगव्यासारखी कातरायची, उलगडायची, वाऱ्यावर धरायची. झिरमिळ्यांच्या वेळेपर्यंत घरातली निम्मी माणसं फराळाला उठलेली असत. उठू न शकणारा एकच.

या उठू न शकण्यात एक गंमत आहे आणि ती मला फार उशिरा लक्षात आली. बोट ठेवून बसलेल्या माणसाला काहीच करता येत नाही. वाचता येत नाही, जाता येत नाही, हल्लीच्या काळात मोबाइलही बघता येत नाही. शेजारी दुसऱ्या सांध्यावर बोट ठेवून बसलेली व्यक्तीही तितकीच अडकलेली असते. मग दोघं बोलायला लागतात. आत्याचं लग्न का मोडलं होतं, हे मला कंदिलाच्या तिसऱ्या टोकाशी कळलं. वडिलांना नाटकात काम करायचं होतं आणि आजोबांनी करू दिलं नाही, हे चौथ्या. हान्स अँडरसन, तो 'कुरूप वेड्या पिल्ला'ची गोष्ट लिहिणारा, लोकांच्या घरी गेला की मोठी थोरली कात्री घेऊन गोष्ट सांगता सांगता कागद कापत बसायचा आणि गोष्ट संपली की घडी उलगडून दाखवायचा. त्याची कात्री आणि तोंड दोन्ही एका वेळी चालायचं. आमच्याकडे कापताना ताई दातांत जीभ धरून गप्प असे. बोलणं सगळं वाळवण्याच्या वेळचं.

कापणाऱ्यांचं कौतुक होतं, हे मी आधी म्हटलंच; त्यांची नावं इतिहासातही जातात. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये मेरी डिलेनी नावाची एक बाई होती. वयाच्या बहात्तराव्या वर्षी, 1772 साली, जिरेनियमची पाकळी आणि टेबलावरचा एक कागदाचा तुकडा यांचा रंग एक आहे असं तिच्या लक्षात आलं, आणि तिनं कात्री उचलली. पुढची दहा वर्षं ती काळ्या कागदावर कागदाची फुलं चिकटवत होती. आधी चित्र काढायचं नाही, फूल समोर ठेवून सरळ कापायचं. एका फुलात कधीकधी शंभरावर तुकडे, पुंकेसरसुद्धा कागदाचेच. नजर अधू झाली तेव्हा ती थांबली. तोवर 985 फुलं झाली होती, ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञही ती बघून मान डोलावतात. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या एका काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, 'बहात्तर म्हणजे तरुणच की.' त्या स्वतः क्विलिंग करतात, म्हणजे कागदाच्या पट्ट्या गुंडाळून फुलं. मला मात्र ती गोष्ट ऐकल्यापासून एकच प्रश्न पडतो. केसाएवढे ते पुंकेसर वाळेपर्यंत कुणी धरले असतील?

चित्रकार मातीसच्या बाबतीत याचं उत्तर सापडतं. 1941 च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर त्याला ईझलसमोर उभं राहणं अवघड झालं, तेव्हा त्यानं कात्री घेतली. मदतनीस मुली कागदाच्या तावांना रंग लावून ठेवायच्या, तो खुर्चीत किंवा पलंगावर बसून सरळ रंगीत कागद कापायचा, आणि मग हातातल्या काठीनं खूण करायचा : ते पान थोडं वर, नाही, डावीकडे, आता जरा खाली. आणि त्या मुली शिडीवर चढून ते पान भिंतीला धरून, टाचणी लावून, काढून, परत लावून दाखवायच्या. 1947 च्या 'जाझ' या पुस्तकातली चित्रं अशी कागदाच्या तुकड्यांचीच. जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत ती कातरकामं लावलेली आहेत, खाली पाटीवर नाव मातीसचं. हे वाचून मला बरं वाटलं. म्हणजे आमच्या जमातीत बरी माणसं होऊन गेलीत.

आमच्या पोटावर पाय द्यायचाही प्रयत्न झालेला आहे. मार्क ट्वेनला चिकटवह्यांचा भारी नाद होता, पण डिंकाच्या बाटलीचा वैताग. त्यानं 1873 साली एका चिकटवहीचं पेटंट घेतलं. पानांवर आधीच डिंकाच्या रेघा वाळवून ठेवलेल्या. कात्रण लावायचं तिथे ओला बोळा फिरवायचा की झालं. वही चांगली खपली. म्हणजे ज्या पुस्तकात एक अक्षर लिहिलेलं नाही असं त्याचं पुस्तकही लोकांनी विकत घेतलं. मराठी लेखकांनी यावर विचार करायला हरकत नाही.

डिंक नको आणि माणूसही नको, असा खरा सोवळा प्रकार म्हणजे घडीकाम. एक चौकोन, दोन हात, संपलं. होडी, नांगरहोडी, टोपी, विमान, उडणारा बेडूक. यात माझ्यासारख्याला काही कामच नसतं. मद्रासकडच्या टी. सुंदर राव या सरकारी अधिकाऱ्यानं 1893 साली कागदाच्या घड्यांमधून भूमिती शिकवणारं पुस्तक लिहिलं. पट्टी नाही, कंपास नाही, नुसत्या घड्या घालून समभुज त्रिकोण, षट्कोन, पंचकोन. जर्मनीतल्या फेलिक्स क्लाइन नावाच्या बड्या गणितज्ञानं त्याची दखल घेतली आणि 1901 मध्ये अमेरिकेत त्याची आवृत्ती निघाली. बालवाडीतल्या कागदाच्या घड्या बघून सुचलेलं पुस्तक गणिताच्या प्राध्यापकांच्या टेबलावर गेलं. आमच्या शाळेत उलटं होतं. गणिताच्या तासाला कागदाची घडी घातली की ती विमानाची आहे असं धरून चालत.

शाळेत कागदकामाला कार्यानुभवाचा तास असायचा आणि त्याचं ब्रीदवाक्य 'टाकाऊतून टिकाऊ'. ही कल्पना उत्तम. अंमलबजावणी घरोघरी सारखीच. रात्री साडेनऊला, दात घासून झाल्यावर, चिरंजीव सांगतात की उद्या टाकाऊतून टिकाऊ न्यायचंय. मग वडील पायजम्यावर गल्लीच्या कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याचं अर्धं खाली ओढलेलं शटर वाजवतात. टाकाऊ वस्तू त्याच्याकडे तयार असतात : आइस्क्रीमच्या, कुणीही आइस्क्रीम न खाल्लेल्या, रंगीत काड्यांचं पाकीट, नवे कोरे थर्माकोलचे गोळे, फळांचा, फुलांचा, थोर नेत्यांचा तक्ता. टाकाऊ दीडशे रुपयांना पडतं. आई रात्री बारापर्यंत पेनस्टँड करते, मूल झोपलेलं असतं, वडील धरतात. सकाळी रिक्षातून उतरताना ते टिकाऊ मोडतं. गंमत म्हणजे खऱ्याखुऱ्या कचऱ्यातून, जुन्या वर्तमानपत्रांतून, काडेपेट्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून खेळणी करून दाखवणारे अरविंद गुप्ता आमच्या पुण्यातच होते, आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत. आयआयटी झालेला, टेल्कोत नोकरी केलेला माणूस मुलांना कागदाच्या टोप्या शिकवायला बसला आणि 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्याला विकत आणावं लागेल असं काही लागत नाही. हे शाळेला पटायला जड जात असावं, कारण यादीत पहिलं नाव फेविकॉलचंच असतं.

हल्ली माझी बदली भाचीकडे झालेली आहे. ती कॉलेजात आहे आणि मैत्रिणींच्या वाढदिवसाला दुकानातलं काही द्यायचं नाही असं तिच्या गटात ठरलंय. सध्या 'एक्स्प्लोजन बॉक्स'चे दिवस आहेत. नाव ऐकून तिच्या आजीनं आधी देवाला हात जोडले. प्रकार साधा आहे. तीस सेंटिमीटरचा जाड चौरस कागद घ्यायचा, दहा-दहावर रेघा दाबून त्याची नऊ घरं पाडायची, चार कोपऱ्यांची घरं कापून टाकायची. उरतं ते अधिकचं चिन्ह. चार बाजू उभ्या केल्या की डबा. झाकण दोन-तीन मिलिमीटरनं मोठं. ते जास्त मोठं झालं तर आपोआप पडतं आणि लहान झालं तर डबा फुटून निघतो; या दोन-तीन मिलिमीटरवरून आमच्या घरात आवाज चढलेले आहेत. झाकण उचललं की चारी भिंती धाडकन बाहेर पडतात आणि आत आणखी एक डबा, त्यातून आणखी एक, आणि सगळ्यांवर फोटो. पुण्याच्या बोहरी आळीतून आणलेला कागद, वॉशी टेप, कागदाच्या तीन मिलिमीटरच्या पट्ट्यांची क्विलिंगची फुलं. पट्टी गुंडाळायचं हत्यार मिळतं, पण भाची उदबत्तीची काडी टोकाला चिरून तिच्यात पट्टीचं टोक अडकवते. गुंडाळी झाली की ती सोडून थोडी सैल होऊ द्यायची, मग एका बाजूनं चिमटा काढायचा. गोलाची पाकळी होते. चिमटा काढल्यावर शेपटाला डिंकाचा थेंब, आणि थेंबावर मामाचं बोट.

'मामा, दाबू नकोस.'

'नाही दाबत.'

'हलवू पण नकोस.'

'अगं, मी हे तुझ्या आईच्या वेळेपासून करतोय.'

'मग दाखव ना तेव्हाचं काहीतरी. तुझ्या ठशांची किती फुलं आहेत सांग.'

ताई आतून म्हणाली, 'सगळीच.' ती हल्ली कापत नाही, चष्म्याचा नंबर वाढलाय. पण मोठ्या झाकणाच्या वेळी येऊन उभी राहते आणि न विचारता पट्टी सरकवून देते. त्या संध्याकाळी आम्ही तिघं एकाच डब्याच्या तीन कोपऱ्यांवर बोटं ठेवून बसलो होतो, तेव्हा भाचीनं सहज सांगितलं की तिला अभियांत्रिकी सोडायचीय. डिंक वाळायला अजून अवकाश होता, त्यामुळे कुणालाच उठून जाता आलं नाही. बरंच बोलणं झालं. डबा छान झाला.

धरणाऱ्यांचा प्रश्न सार्वजनिक पातळीवर ऐरणीवर आला तो आमच्या सोसायटीत. दिवाळीआधी हस्तनिर्मित आकाशकंदिलांची स्पर्धा जाहीर झाली. वयोगट आठ ते चौदा, नियम क्रमांक तीन : 'कंदील स्पर्धकाने स्वतः, कोणाच्याही मदतीशिवाय केलेला असावा.' दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी हरकत घेतली. चांदणीच्या कंदिलाला दोन हात पुरतच नाहीत, मग मुलांनी तो करायचा कसा? सेक्रेटरी म्हणाले, मदत म्हणजे मदत, नियम सगळ्यांना सारखा. कुणीतरी म्हणालं, नुसतं धरणं ही काय मदत आहे का? एक निवृत्त कोर्ट-कारकून आहेत, त्यांनी विचारलं, 'धरणे' याची व्याख्या काय? एक बोट की दोन? बोट ठेवणाऱ्यानं तोंडी सूचना दिल्या तर? हा मुद्दा महत्त्वाचा होता, कारण सूचना देणाऱ्या प्रकारातले बहुतेक सगळे सभासद त्या सभेला हजर होते. पाण्याच्या टाकीचा विषय पुढच्या सभेवर ढकलावा लागला. शेवटी सर्वानुमते ठराव झाला : 'वाळेपर्यंत बोट ठेवणे ही मदत समजली जाणार नाही. मात्र बोट ठेवणाऱ्या व्यक्तीने कात्री, ब्रश अथवा मत यांपैकी कशाचाही वापर करू नये.'

ठराव टाइप करून लिफ्टशेजारच्या फळ्यावर लावला गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या खाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'फुंकर घातलेली चालेल का?' संध्याकाळी सेक्रेटरींनी तातडीची सभा बोलावली.